दोन बेन, दोन ॲनाकिन, दोन जेसन: स्टार वॉर्समधला सेम नावांचा घोळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नऊच्या नऊ पिक्चर बघून झाले, मग जुन्या पुस्तकांत स्टार वॉर्सच्या तीनचार जाडजूड कादंबऱ्या सापडल्या, त्यात ल्यूकच्या मुलाचं नाव बेन आणि हान-लेयाच्या (लेया म्हणजे ल्यूकची बहीण) मुलाचं नाव ॲनाकिन, पण पिक्चरमध्ये तर बेन हा हान-लेयाचा मुलगा, मग हा तोच बेन का, ॲनाकिन परत जन्माला आला का, आणि ‘अहसोका’ सिरीजमधला हिरव्या केसांचा जेसन म्हणजे पुस्तकातला जेसन सोलो का.

तिन्हीचं उत्तर नाही. सगळी वेगवेगळी माणसं आहेत. मी बरीच वर्षं फॅन विकीवर या पात्रांची पानं सांभाळतोय, अधूनमधून सबटायटलवाल्यांना नावांच्या याद्याही करून देतो, आणि हा घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकच सांगतो: स्टार वॉर्समध्ये दोघांचं नाव सारखं दिसलं की कथेत नातं शोधत बसू नका, आधी ते नाव कुठल्या साली कोणी ठेवलं ते बघा, निम्म्याहून जास्त गुंता तिथेच सुटतो. खाली स्पॉयलर भरपूर आहेत, पुस्तकं कोरी वाचायची असतील तर इथेच थांबा.

आधी पार्श्वभूमी, पटकन. १९८३ला तिसरा पिक्चर आला आणि मग पडद्यावरची मेन गोष्ट थांबली. १९९१मध्ये टिमथी झानची ‘हेअर टू द एम्पायर’ आली, तुफान चालली, आणि त्यानंतर वीसेक वर्षं कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स यांनी एंडोरच्या लढाईनंतरचं, म्हणजे तिसऱ्या पिक्चरच्या शेवटानंतरचं अख्खं जग उभं केलं, लग्नं, मुलं, युद्धं, सगळं. २०१२मध्ये डिस्नीने लुकासफिल्म घेतली, नवे पिक्चर काढायचे ठरले, आणि या सगळ्या पुस्तकांना धरून पिक्चर काढणं कोणालाच शक्य नव्हतं. म्हणून २५ एप्रिल २०१४ला जाहीर केलं की पिक्चर, ‘द क्लोन वॉर्स’ ही ॲनिमेशन सिरीज आणि इथून पुढे येणारं सगळं हे कॅनन, म्हणजे अधिकृत, खरं धरायची गोष्ट, आणि आधीचा एक्स्पांडेड युनिव्हर्सचा पसारा ‘लीजेंड्स’. म्हणजे पुस्तकं विकत राहतील पण त्यातलं घडलं असं धरायचं नाही. नंतरच्या रीप्रिंटवर कव्हरला सोनेरी लीजेंड्सची पट्टी असते. तुमच्याकडच्या जुन्या प्रती आहेत, त्यावर ती नसणार, म्हणून तर गोंधळ झाला.

आता बेन. इथे जरा थांबून बघू कारण हा प्रकार सगळ्यात मजेदार आहे.

मूळ बेन म्हणजे ओबी-वान केनोबी. १९७७च्या पिक्चरमध्ये ल्यूक त्याला ‘ओल्ड बेन’ म्हणून ओळखतो, ओबी-वान हे खरं नाव आहे हे नंतर कळतं. आता लेयाचं बघा. ती आर-टू या रोबोमध्ये जो निरोप भरते त्यात ती ओबी-वान केनोबी म्हणते, जनरल केनोबी म्हणते, बेन कुठेच नाही. पण डेथ स्टारवर ल्यूक तिच्या कोठडीत घुसतो आणि सांगतो की मी बेन केनोबीबरोबर आलोय, तेव्हा ती ताडकन उठते आणि विचारते, बेन केनोबी? कुठे आहेत ते? एक सेकंदही लागत नाही तिला. हे टोपणनाव तर टॅटूइनच्या वाळवंटात लपलेल्या माणसाचं, ॲल्डरानच्या राजकन्येला कसं माहीत? माझ्या मते १९७७ला याचा कोणी फार विचार केला नसणार, केनोबी म्हटलं की प्रेक्षकांना कळतंय ना, झालं. पण २०२२ला ‘ओबी-वान केनोबी’ सिरीज आली आणि तिच्यात दहा वर्षांची लेया याच माणसाबरोबर पळापळ करताना दाखवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका डायलॉगला पाया मिळाला, आणि वरून हान-लेयाने मुलाचं नाव बेन का ठेवलं याचंही उत्तर मिळालं. त्याआधी लोक वाद घालायचे की हानने तर त्या म्हाताऱ्याला जेमतेम एका ट्रिपपुरतं बघितलेलं, तेही भाडं ठरवून, तो कशाला त्याचं नाव ठेवेल, ल्यूकने ठेवलं असतं तर पटलं असतं.

आणि लीजेंड्समध्ये ल्यूकनेच ठेवलेलं. ल्यूक आणि मारा जेड, जी आधी एम्परराची खास हस्तक होती आणि ल्यूकला मारायला निघालेली, त्यांचं पुढे लग्न होतं आणि मुलगा होतो बेन स्कायवॉकर. तो जन्मतो २००१मधल्या ‘रीबर्थ’ नावाच्या कादंबरीत, कथेतल्या कालगणनेत यावीनच्या लढाईनंतर (पहिल्या पिक्चरच्या शेवटची लढाई) सव्वीसेक वर्षांनी. पिक्चरमधला बेन सोलो त्याच गणनेत पाचव्या वर्षी जन्मतो. वीस वर्षांचा फरक, आईबाप वेगळे, आडनाव वेगळं.

मग २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये पुलावर उभा राहून हान ओरडतो ‘बेन!’ आणि थिएटरात पुस्तकं वाचलेली जी पब्लिक होती ती एकदम चमकली, कारण नाव ल्यूकच्या पोराचं आणि कर्म हानच्या थोरल्या पोराचं. जुन्या पुस्तकांत हान-लेयाला तीन मुलं, जेना आणि जेसन ही जुळी आणि धाकटा ॲनाकिन. यातला जेसन पुढे डार्क साइडला जातो, डार्थ केडस होतो, सख्ख्या मामीला म्हणजे मारा जेडला मारतो, आणि शेवटी जुळी बहीण जेनाच्या हातून मरतो, हे सगळं २००६ ते २००८च्या पुस्तकांत. म्हणजे कायलो रेन, डार्क साइडला गेलेल्या बेन सोलोचं नवं नाव, हा मामेभावाचं नाव आणि मोठ्या भावाचं नशीब घेऊन आलेला माणूस आहे, फक्त या कॅननमध्ये ना तो मामेभाऊ आहे ना तो भाऊ. म्हणून कोणी तुम्हाला ठासून सांगितलं की कायलो म्हणजेच जेसन, तर तो अर्धा बरोबर असतो. आणि कायलो म्हणजेच ल्यूकचा बेन असं सांगणारा पूर्ण चूक.

ॲनाकिनचं प्रकरण याहून जड आहे. लीजेंड्समध्ये लेया धाकट्या मुलाला आपल्या जन्मदात्या बापाचं नाव देते. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवणं यात काही विशेष नाही, पण इथे आजोबा म्हणजे डार्थ व्हेडर, ज्याने तिचा छळ केला आणि जो शेजारी उभा असताना तिच्या डोळ्यांसमोर तिचा ग्रह उडवला गेला. १९९३च्या ‘द ट्रूस ॲट बकुरा’मध्ये व्हेडरचा, म्हणजे ॲनाकिनचा आत्मा तिच्यासमोर येऊन माफी मागतो आणि ती साफ नकार देते. मग हीच बाई ते नाव का ठेवते, हा प्रश्न लेखकांनाही पडला असावा कारण २००३मध्ये ‘टॅटूइन घोस्ट’ नावाची एक अख्खी कादंबरी आली ज्यात लेयाला आजी श्मीची डायरी सापडते आणि बाप लहानपणी कसा पोरगा होता ते तिला कळतं. गंमत बघा, कॉमिक्समध्ये ॲनाकिन सोलो जन्माला आला तेव्हा बाहेरच्या जगात प्रीक्वेल, म्हणजे ॲनाकिन स्कायवॉकरच्या लहानपण-तरुणपणाचे पिक्चर, यायचे होते, श्मी हे नावच कोणाला माहीत नव्हतं. नाव आधी ठेवलं, कारण मागून लिहिलं.

आणि याच नावापायी पोरगा मेला. म्हणजे कारण कथेतलं नाही, कथेबाहेरचं. १९९९ ते २००३मध्ये ‘न्यू जेडाय ऑर्डर’ ही १९ कादंबऱ्यांची मालिका आली, ज्यात युझान वोंग नावाची परकी जमात गॅलेक्सीवर तुटून पडते. मूळ आखणीत ॲनाकिन सोलो हा या मालिकेचा हिरो होता. पण तेव्हाच थिएटरात प्रीक्वेल चालू, तिथे हिरो ॲनाकिन स्कायवॉकर, तो तिकडे हळूहळू काळा पडतोय आणि इकडे पुस्तकात दुसरा ॲनाकिन जग वाचवतोय, लोकांचा गोंधळ होईल म्हणून लुकासकडून बदल सांगितला गेला, हे त्या टीमने नंतर मुलाखतीत सांगितलंय. मग भूमिका फिरल्या, हिरोपण जेसनकडे गेलं आणि ॲनाकिन ट्रॉय डेनिंगच्या ‘स्टार बाय स्टार’मध्ये, २००१ला, सोळा-सतरा वर्षांचा असताना मरतो. मिर्करजवळच्या मोहिमेत, व्हॉक्सिन नावाचे जेडायना हुंगून मारणारे प्राणी असतात, त्यांची राणी संपवायला ही तरुण जेडायची टोळी जाते, आणि बाकीच्यांना पुढे जाता यावं म्हणून जखमी ॲनाकिन मागे थांबतो. मी स्टार वॉर्समध्ये वाचलेल्या मरणांपैकी हे सगळ्यात नीट लिहिलेलं मरण आहे आणि त्याचं कारण एक नाव क्लॅश. पुढची साखळी पण बघा, ॲनाकिन वाचला असता तर जेसनचं पुढचं सगळं असंच झालं असतं का, आणि जेसन तसा झाला नसता तर कायलो रेनचा साचा कुठून आला असता. हे शेवटचं माझं मत, पण मला ते कोणी अजून खोडून दाखवलेलं नाही.

जेसनचं पटकन. ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन सिरीजचा शेवट २०१८ला झाला, त्यात हेरा सिंडुला आणि केनन जेरस यांचा मुलगा दिसतो, जेसन सिंडुला, आणि तोच पुढे २०२३च्या ‘अहसोका’मध्ये. केनन यावीनच्या लढाईआधीच मेलेला, त्यामुळे हा जेसन कॅननमध्ये बेन सोलोपेक्षा मोठा. सोलो घराण्याशी संबंध शून्य. माझा अंदाज, जुन्या नावाला मुद्दाम दिलेला सलाम आहे, पण सलामापलीकडे त्यात काही शोधू नका.

आत्तापर्यंतची सगळी नावं कोणीतरी विचार करून ठेवलेली. आता न ठरवता झालेली बघा, ही मला जास्त आवडतात.

१९७७च्या पिक्चरमध्ये यावीनच्या तळावर हल्ल्याआधी ब्रीफिंग चालू असतं. ल्यूकच्या शेजारी एक पायलट बसलाय, तो म्हणतो हे अशक्य आहे, कॉम्प्युटरलाही जमणार नाही, मग ल्यूक त्याला वॉम्प रॅटची गोष्ट सांगतो. हा पायलट वेज अँटिलीस. त्यानंतर थोड्याच वेळात एक्स-विंग या लढाऊ यानाच्या कॉकपिटमध्ये वेज अँटिलीस दिसतो आणि तो दुसराच माणूस आहे! ब्रीफिंगमध्ये कॉलिन हिगिन्स नावाचा नट, कॉकपिटमध्ये डेनिस लॉसन, आणि लॉसनच्या तोंडी आवाज तिसऱ्याचाच, डेव्हिड अँक्रमचा. हेल्मेट घातलं की कोण बघतंय. पण फॅन बघतात, त्यांनी ब्रीफिंगवाल्याचं नाव ठेवलं ‘फेक वेज’ आणि कित्येक वर्षं ते तसंच चाललं. शेवटी २०१७ला ‘फ्रॉम अ सर्टन पॉइंट ऑफ व्ह्यू’ या कथासंग्रहात जेसन फ्रायने ‘ड्यूटी रॉस्टर’ ही गोष्ट लिहिली आणि त्यात हा माणूस अधिकृतपणे वेगळा झाला, कोल टॅकब्राइट, जो वेजसारखा दिसतो म्हणून बाकीचे पायलट त्याला फेक वेज म्हणून चिडवतात आणि तो वैतागतो. कोल हे कॉलिनवरून घेतलेलं दिसतं. म्हणजे प्रॉडक्शनची गडबड होती, ती फॅनची चेष्टा झाली, आणि चेष्टेचं पात्र झालं. विकीवर असं पान सांभाळायला मिळालं की दिवस चांगला जातो.

त्याच वेजचं आडनाव आणखी एक भानगड आहे. पहिल्याच पिक्चरच्या पहिल्या काही मिनिटांत व्हेडर ज्या कॅप्टनचा गळा धरून त्याला वर उचलतो तो कॅप्टन अँटिलीस, रेमस अँटिलीस. सी-थ्रीपीओ पण पुढे सांगतो की आमचे आधीचे मालक कॅप्टन अँटिलीस. मग शेवटी वेज अँटिलीस लढायला येतो आणि नवीन प्रेक्षकाला वाटतं की हा त्याचा मुलगा किंवा भाऊ, सूड घ्यायला आलाय. काही नाही. रेमस ॲल्डरानचा, वेज कोरेलियाचा, नातं नाही. त्यात १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये चॅन्सेलरच्या निवडणुकीत एक नाव कानावर पडतं, ॲल्डरानचा बेल अँटिलीस, आणि पुढच्या पिक्चरमध्ये ॲल्डरानचाच सिनेटर येतो बेल ऑर्गाना. एकाच ग्रहाचे दोन सिनेटर, दोघांचं पहिलं नाव बेल, आणि त्यातल्या एकाचं आडनाव दुसऱ्याच्या जहाजाच्या कॅप्टनचं. सबटायटल करताना इथे हमखास कोणीतरी ‘बेल’ एवढंच टाकून मोकळं होतं आणि बघणाऱ्याला दोघं एकच वाटतात. मी यादीत कायम पूर्ण नाव लिहायला सांगतो, ओळ लांब झाली तरी चालेल.

मुद्दाम, आणि कथेतच केलेला नावाचा खेळ पाहिजे असेल तर झानच्या ‘हेअर टू द एम्पायर’पासून सुरू होणाऱ्या त्रयीतलं तिसरं पुस्तक, १९९३चं ‘द लास्ट कमांड’. तिथे क्लोनच्या नावात एक जादा ‘यू’ घालतात. जोरस सीबाओथ हा मूळ जेडाय मास्टर, त्याचा वेडा क्लोन तो जोरूस सीबाओथ. आणि बेस्पिनवर ल्यूकचा जो हात तुटला होता त्या हातापासून बनवलेला क्लोन तो ल्यूऽक स्कायवॉकर. (देवनागरीत यापेक्षा बरं काही सुचलं तर सांगा.) ऐकायला पोरकट वाटतं, मलाही वाटलेलं, पण पुढे काय होतं ते बघा. एम्पररने मरताना मारा जेडच्या डोक्यात एक हुकूम सोडलाय, तू ल्यूक स्कायवॉकरला मारशील, आणि तीन पुस्तकं ती त्या आवाजाने पछाडलेली आहे. वेलँड ग्रहावर माउंट टँटिसच्या आत शेवटच्या झुंजीत ती ल्यूकच्या क्लोनला मारते आणि डोक्यातला आवाज बंद होतो. हुकूम पाळला गेला, ल्यूक स्कायवॉकर तिच्या हातून मेला, आणि ल्यूक स्कायवॉकर जिवंतही राहिला, आणि पुढे तिच्याशी लग्न करून बेन स्कायवॉकरचा बाप झाला. नाव सेम असण्याचा कथेसाठी असा वापर या सगळ्या सागामध्ये दुसरीकडे मला दिसलेला नाही.

पदव्यांचं वेगळं खातं ठेवा. डार्थ ही आता पदवी आहे, पण १९७७ला केनोबी समोरासमोर लढताना व्हेडरला नुसतं ‘डार्थ’ म्हणतो, शाळेतल्या मित्राला हाक मारल्यासारखं, कारण तेव्हा ते बहुतेक पहिलं नाव म्हणूनच लिहिलेलं. रेन हे सुद्धा आडनाव नाही, नाइट्स ऑफ रेनच्या आधीच्या म्होरक्याचंच नाव रेन, बेन सोलो त्याला मारतो आणि मग ते नाव लावतो, ‘द राइज ऑफ कायलो रेन’ कॉमिकमध्ये आहे. अमिडाला हे पद्मेचं राणी म्हणून घेतलेलं नाव, आणि ‘फँटम मेनेस’मध्ये बराच वेळ राणी अमिडाला म्हणून सिंहासनावर सबे बसलेली असते, नटी कीरा नाइटली, त्यामुळे ‘राणी बोलतेय’ एवढं लिहून भागत नाही, कुठली ते बघावं लागतं. रेड फाइव्ह हा कॉल साइन आहे, ल्यूकच्या आधीचा रेड फाइव्ह ‘रोग वन’मध्ये स्कारिफच्या लढाईत पडतो तेव्हाच ती जागा रिकामी होते. आणि स्कायवॉकर सुद्धा! झानच्याच २०१८च्या ‘थ्रॉन: अलायन्सेस’पासून चिस लोकांत (झानच्या पुस्तकांतला खलनायक थ्रॉन याची जमात) स्काय-वॉकर म्हणजे फोर्स असलेल्या लहान मुली, ज्या हायपरस्पेसमधून जहाजाला वाट दाखवतात. त्यांचा ॲनाकिनच्या घराशी काही संबंध नाही, आणि ते पुस्तक नेमकं थ्रॉन आणि व्हेडरचं आहे, झानने हे मुद्दाम केलंय याबद्दल मला शंका नाही.

आता तुमच्या हातातल्या पुस्तकांचं. कुठलं पान कुठल्या जगातलं हे ओळखायला माझी खूण सोपी आहे. मारा जेड किंवा युझान वोंग दिसले की लीजेंड्स, हेरा, केनन किंवा पो डॅमरन दिसले की कॅनन. थ्रॉनवर भरवसा नको, तो दोन्हीकडे आहे, २०१६ला त्याला ‘रेबेल्स’मधून परत घेतलं. पहिल्या पानामागे सन बघा, २०१४च्या एप्रिलआधीचं मूळ प्रकाशन असेल आणि ते पिक्चरचं पुस्तक नसेल तर जवळपास नक्की लीजेंड्स. आणि स्वतःसाठी टिपणं काढत असाल तर पेशव्यांच्या इतिहासात थोरले माधवराव आणि सवाई माधवराव करतात ना, तसं करा, माझ्या वहीत आजही थोरला ॲनाकिन आणि धाकटा ॲनाकिन असंच लिहिलेलं आहे, बेनचं मात्र बापाच्या नावाने, ल्यूकचा बेन, हानचा बेन.

तुम्ही म्हणताय त्या गठ्ठ्यात ‘स्टार बाय स्टार’ आहे, ती आत्ता उघडू नका. मी शेवट फोडलाच आहे, पण तरी ती मालिकेतली नववी आहे आणि मधूनच घेतली तर निम्मी माणसं कोण हेच कळणार नाही. झानची तीन आधी वाचा, मग ‘व्हेक्टर प्राइम’पासून सरळ क्रमाने. ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये कोण जातं ते मात्र सांगत नाही.